घट

भुकूमला पहाटे साडेपाचला काटा म्हणतो, चार किलो.
कोरेगाव पार्कात, हॉटेलच्या मागच्या दाराशी,
त्यांचा काटा म्हणतो, तीन किलो सातशे वीस.
दोन्ही काटे खरे आहेत. मी तपासून घेतलेत.
मधले दोनशे ऐंशी ग्रॅम
नळ स्टॉपच्या सिग्नलला, लाल आकडे उतरत असताना,
स्कूटरवरच्या थर्माकोलच्या खोक्यातून निघून जातात.
तीनशे वीस रुपये किलो.
म्हणजे रोज एकोणनव्वद रुपये साठ पैसे
हवेत.

भोसरीत बावीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब लिहिले:
यंत्रांचा घसारा, भंगाराचा भाव,
कुणाच्या चुकीचा पैसा कुठल्या खात्यात जिरवायचा ते.
वहीत ‘घट’ असा रकाना आखताना
हात अडखळला नाही.
पण बेझिलच्या घटीला वास असतो,
तो कुठे मांडायचा, हे कुणी शिकवलं नव्हतं.

ढमाल्यांचे पाच गुंठे, अकरा महिन्यांचा करार.
हिरवी जाळी, ठिबक, टाकी.
पीएफ त्यात गेला, किती ते सांगत नाही.
भाऊ विचारतो तेव्हा म्हणते, निघतंय.
चांगला शब्द आहे,
त्यात नफाही बसतो आणि तणही.

द्वारका मारणे तोडणीला येते.
बेझिलला ती गोरी तुळस म्हणते
आणि द्वादशीला तिला हात लावत नाही.
मी समजावलं, ही इटलीची, हिला पंचांग लागू नाही.
ती म्हणाली, सासर इटलीत असलं म्हणून काय,
माहेर तुळशीचंच ना.
महिन्यातले ते दोन दिवस
कात्री घेऊन मीच वाकते,
तिची मजुरी कापत नाही.
वहीत ती रक्कम ‘दुरुस्ती’खाली जाते.

तुरा आला की पान कडू, भाव निम्मा.
म्हणून रोज संध्याकाळी तुरे खुडायचे.
फुलू द्यायचं नाही, वाळू द्यायचं नाही,
या मधल्या वयातच काय ते विकलं जातं.
रोझमेरीचं विचारू नका.
शंभर रोपं, इथला ऑगस्ट, सात उरली.
त्यातलं एक माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे,
भांडवल की घरखर्च, ठरत नाही.

आणि बांधाच्या कडेला, मी येण्याआधीपासूनचा,
गवती चहा.
त्याला जाळी नको, शेफ नको, माझं लक्षही नको.
कोथरूडच्या मंडईबाहेर कलावती
पाचाला जुडी घेते, दहाला विकते,
रोख देते. ओल्या नोटा, कोथिंबीर चिकटलेल्या.
रोज साठ जुड्या.
पेट्रोल, वीजबिल, द्वारकाची अर्धी मजुरी
त्या पात्यांवर उभी आहे.
कार्डावर मात्र मी छापलंय:
परदेशी सुगंधी वनस्पती.

हॉटेलचे पैसे पंचेचाळीस दिवसांनी.
गेल्या महिन्यात मेनू बदलला.
शेफ म्हणाला, ताई, आता मायक्रोग्रीन्स चालतात,
चाराचे दीड किलो करा.
रात्री वही उघडली.
स्वतःची मजुरी धरली की तोटा,
नाही धरली की महिना सहा हजार चारशे नफा.
तो रकाना मी पेन्सिलीने लिहिते.

आज दीड किलो. घट एकशे पाच ग्रॅम.
नळ स्टॉपला शेजारी एक पोरगा थांबला,
पाठीवर डिलिव्हरीची चौकोनी पिशवी.
हेल्मेटची काच वर करून त्यानं नाक ओढलं.
“काय आहे हो काकू यात?”
मी सांगेपर्यंत हिरवा लागला.
गेला, दोन ग्रॅम तरी घेऊन गेला असेल.
चौसष्ट पैसे.
वसुलीला लावण्याइतकी रक्कम नाही.